लुटुपुटूचा चावा

तबेल्यातल्या म्हशीचं रेडकू मेलं की ती पान्हा चोरते. मग धनी जुना, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला उपाय करतो. मेलेल्या रेडकाच्या कातडीत पेंढा भरतो, काठ्यांचे पाय लावतो आणि धारेच्या वेळी ते सोंग तिच्या तोंडापुढे उभं करतो. म्हैस ते हुंगते, चाटते, तिचे सड भरून येतात. हल्ली कित्येक जण त्याऐवजी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून मोकळे होतात. तो प्रकार बेकायदा आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने निरुपयोगीही, कारण त्यात म्हशीच्या मनाचा काही प्रश्नच उरत नाही. पेंढ्याच्या रेडकात मात्र तो उरतो. म्हशीने त्या कातडीला लेकरू मानलं, म्हणजे तिने कल्पना केली का?

माझ्या मते नाही. वासाने तिला फसवलं, किंवा तिला सगळं कळत असूनही वासापुढे शरीराचं काही चाललं नाही. भिवंडीत यंत्रमाग कामगाराच्या खोलीत एखादी तीन वर्षांची मुलगी चिंधीच्या बाहुलीला भरवत बसते, तेव्हा ती चिंधी आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. बाहुलीच्या तोंडाला लावलेला रिकामा चमचा ती स्वतः चाखून बघत नाही, आणि खरं जेवण आलं की भातुकली लाथाडून आईकडे पळते. फसलेल्याला एकच गोष्ट दिसते. खोटं खोटं खेळणाऱ्याला दोन दिसतात, आणि त्या दोन्ही तो वेगळ्या ठेवतो. प्राण्यांना कल्पनाशक्ती असते का, त्यांना खोटं खोटं खेळता येतं का, या विषयावर गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातला निम्मा गोंधळ हे दोन प्रकार एकाच पोत्यात भरल्यामुळे झाला आहे.

दुसऱ्याला फसवणं हा तिसरा प्रकार, तोही बाजूला ठेवायला हवा. जमिनीवर अंडी घालणारे चिखल्यासारखे पक्षी घरट्याजवळ शत्रू आला की पंख मोडल्यासारखे लंगडत त्याला दूर नेतात. कॅरोलिन रिस्टो यांनी अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर अशाच एका जातीचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की हा पक्षी शत्रू मागे येतोय की नाही यावर नजर ठेवतो आणि त्यानुसार सोंग कमी-जास्त करतो. हुशारी निःसंशय. पण पंख मोडल्याचं सोंग काढायला 'माझा पंख मोडला आहे' अशी कल्पना मनात आणावी लागतेच असं नाही.

१८७१ मध्ये डार्विनने प्राण्यांना माणसासारखाच आनंद होतो असं लिहिताना पिल्लांच्या खेळाचाच दाखला दिला. १८९६ मध्ये कार्ल ग्रोस या जर्मन अभ्यासकाने खेळावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि खेळ म्हणजे पुढच्या आयुष्याचा सराव हा विचार रुजवला. त्याआधी दोनच वर्षं कॉनवी लॉइड मॉर्गनने बजावून ठेवलं होतं की प्राण्याचं वागणं साध्या मानसिक क्रियेने उलगडत असेल, तर वरच्या पायरीच्या क्रियेकडे धाव घेऊ नये. पुढची शंभर वर्षं हा नियम सासूसारखा या विषयाच्या डोक्यावर बसला. खेळ आहे एवढं म्हणायलाही लोक कचरू लागले. आता ती भीड मोडली आहे. २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात लार्स चिटका यांच्या गटाने ४५ भुंगेमाश्यांपुढे लाकडाचे छोटे गोळे ठेवले. काही मिळत नसताना त्या माश्या ते गोळे पुन्हा पुन्हा लोटत राहिल्या, एकीने तर ११७ वेळा. माशी खेळते हे मान्य करायला आता हरकत नाही. पण गोळा लोटताना तिला तो गोळ्याखेरीज आणखी काही वाटतो, असं म्हणायला कुठलाही आधार नाही. खेळ सर्वत्र आहे. लुटुपुटूचा खेळ कुठे सुरू होतो, हा खरा प्रश्न.

तो बघायला भिवंडीइतकी सोयीची जागा नाही, असं मी म्हटलं तर लोक हसतील. पद्मानगर किंवा कामतघरच्या बाजूला यंत्रमागांच्या गाळ्यांमधल्या बोळात सकाळी उभं राहावं. मागांचा खडखडाट इतका की पिल्लांचं गुरगुरणं ऐकूच येत नाही. त्यामुळे मूकपट बघावा तसं सगळं लक्ष अंगाच्या हालचालींवर राहतं. कारखान्याच्या दारात चिंध्यांचा आणि तुटक्या सुताचा ढीग. एक पिल्लू त्यातली लांब पट्टी ओढून काढतं आणि दोन पावलं पळून थांबतं. दुसरं पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवतं, ढुंगण वर करतं, शेपूट हलवतं आणि मग झेपावतं. पहिल्याचा कान त्याच्या जबड्यात जातो, पण जबडा मिटत नाही. जरा जोर जास्त झाला की दाबलेलं पिल्लू तोंड वासून केकाटतं, दोघंही क्षणभर थिजतात, चावणारं पुन्हा पुढून वाकतं आणि खेळ चालू. थोरलं पिल्लू लहानग्यासमोर आपण होऊन उताणं पडतं. आपल्याकडे पोरं धाकट्याला कच्चं लिंबू म्हणून खेळात घेतात, तसंच.

हा लुटुपुटूचा चावा पहिल्यांदा नीट वाचला तो ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्लाइशहॅकर प्राणिसंग्रहालयात दोन माकडांची लुटुपुटूची मारामारी बघताना त्याला जाणवलं की ती एकमेकांना 'हे खरं नाही' असंही सांगत आहेत. १९५५ मध्ये त्याने मांडलं की खेळातला चावा हा चाव्याची खूण असतो, पण खरा चावा ज्याची खूण असतो त्याची खूण तो नसतो. पुढे मार्क बेकॉफ यांनी कुत्रे, लांडगे आणि कायोट यांच्या पिल्लांच्या खेळाचं चित्रीकरण चौकट-चौकट तपासलं. ते पुढून वाकणं कुठेही, कसंही होत नाही, हे त्यांनी १९९५ मध्ये दाखवलं. चावून मान झटकण्यासारख्या, गैरसमज होऊ शकेल अशा हालचालींच्या आगेमागे ते दाटीने येतं. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये त्यात भर घातली. समोरच्याचं तोंड आपल्याकडे असेल तरच कुत्रा वाकतो. पाठ असेल तर आधी ढोसून, भुंकून लक्ष वेधून घेतो. आणि कच्च्या लिंबाचं म्हणाल, तर कॅमिल वॉर्ड, एरिका बाउअर आणि बार्बरा स्मट्स यांनी २००८ मध्ये नर पिल्लं मादी पिल्लांशी खेळताना मुद्दाम पडती बाजू घेतात हे नोंदवलं.

म्हणजे कुत्र्याला खऱ्याची आणि खोट्याची हद्द कळते, ओलांडली गेली तर ती पुन्हा आखताही येते. माझ्या हिशोबी ही अर्धी भातुकली झाली. अर्धीच, कारण इथे फक्त कृती खोटी आहे. कान खरा, चिंधी खरी, समोरचं पिल्लू खरं. जे नाहीच ते आहे असं कुणी मानलेलं नाही.

मांजराची गोष्ट याच्या उलट आणि फार शिकवणारी. उंदरांसाठी पाळलेलं मांजर सुताच्या रिकाम्या कांडीवर झडप घालतं, तिला उडवतं, पंजाने दाबतं, तेव्हा बघणारा सहज म्हणतो, कांडीला उंदीर समजून खेळतंय. सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये साधी तपासणी केली: मांजर उपाशी असताना काय होतं? भुकेलं मांजर खेळण्याशी जास्त त्वेषाने खेळलं, आणि एरवी टाळलेल्या मोठ्या आकाराच्या खेळण्याकडेही वळलं. खेळ शिकारीपासून तुटलेला असता, तर भुकेने तो वाढला नसता. मांजर उंदराची कल्पना करत नसावं. शिकारीचं यंत्रच त्याच्या आत सुरू होतं आणि कांडी त्यात सापडते. घरच्या मांजरावर जीव असलेल्यांना हे रुचत नाही, पण पुरावा त्या बाजूला आहे.

या विषयातल्या गाजलेल्या गोष्टी मात्र वानरांच्या. फ्लोरिडात १९४० च्या दशकाच्या अखेरीस कीथ आणि कॅथी हेज या जोडप्याने व्हिकी नावाची चिंपांझी पोटच्या मुलीसारखी घरात वाढवली. एके दिवशी व्हिकी न्हाणीघरात मागे काहीतरी ओढत असल्यासारखी फिरताना दिसली. दोरी नव्हती, खेळणंही नव्हतं. ते न-खेळणं कुठेतरी अडकलं तेव्हा तिने ओढून बघितलं आणि मग सोडवून देण्यासाठी कॅथीकडे गाऱ्हाणं नेलं. कॅथीने सोडवल्याचं नाटक केलं. पुढे कॅथीने आपलंही एक अदृश्य खेळणं ओढायला सुरुवात केली, तशी व्हिकी घाबरली, आणि तिचा खेळ थांबला. १९५१ च्या पुस्तकात कॅथीने हे लिहिलं तेव्हापासून प्रत्येक अभ्यासक ही गोष्ट सांगतो आणि प्रत्येक जण शेवटी खांदे उडवतो. एकच प्राणी, एकच घर, पाहणारी एकच व्यक्ती, तीही आईच्या मायेची. मला तिचं खेळण्यापेक्षा घाबरणं जास्त महत्त्वाचं वाटतं. खोटं खोटं खेळणारं मूल जोडीदार मिळाला की खुलतं. व्हिकीला आपल्या खेळातलं खरं-खोटं धड वेगळं ठेवता येत नव्हतं की काय, अशी शंका त्या भीतीने येते.

रानातला पुरावा वेगळ्या वळणाचा आहे. युगांडातल्या किबाले जंगलात रिचर्ड रँगम यांनी १९९३ मध्ये काकामा नावाच्या आठेक वर्षांच्या चिंपांझी नराला लाकडाचा ओंडका तासन् तास पाठीवर, कुशीत, हातात वागवताना पाहिलं. झाडावर त्याने एक लहानसं घरटं केलं आणि ओंडका त्यात ठेवला. त्याची आई त्या वेळी गाभण होती. रँगम यांनी हे कुणाला फारसं सांगितलं नाही. काही महिन्यांनी त्यांच्या मदतनिसांनी तेच पाहिलं आणि तो ओंडका उचलून आणून त्यावर 'काकामाचं खेळण्यातलं बाळ' अशी चिठ्ठी लावली. २०१० मध्ये सोन्या काहलेनबर्ग आणि रँगम यांनी तिथल्या १४ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. काठी अशी वागवण्यात अल्पवयीन माद्या नरांच्या पुढे होत्या, आणि स्वतःचं पिल्लू झालं की हा प्रकार बंद व्हायचा. बाहुलीचा खेळ म्हणावा तर याहून जवळचं दुसरं उदाहरण नाही. आणि तरीही काकामाच्या डोक्यात ओंडका बाळ होता का, हे त्या नोंदींतून सिद्ध होत नाही.

इथे आपल्या वानरांकडे, म्हणजे लंगुरांकडे, बघितलं की एक गंमत ध्यानात येते. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९८२ च्या 'सत्तांतर' या कादंबरीमुळे मराठी वाचकाला वानरांच्या टोळीतली सत्तेची उलथापालथ ठाऊक आहे. धारवाडजवळ सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती शास्त्रीयदृष्ट्या नोंदवली होती. पण त्याच टोळीत एक फार शांत गोष्ट रोज चालते. नुकतं जन्मलेलं काळं पिल्लू आई पहिल्या दिवसापासून इतर माद्यांच्या हाती देते, आणि वयात न आलेल्या माद्या ते घेण्यासाठी धडपडतात, बेढब धरतात, खाली-वर करतात, कंटाळल्या की सोडून देतात. चिंपांझी आई कोवळं पिल्लू सहसा कुणाला हात लावू देत नाही. चिंपांझीच्या पोरींना म्हणूनच काठी लागत असेल. आपल्या वानरीला खरं बाळच मिळतं, तर ती ओंडका कशाला सांभाळेल? हा माझा तर्क आहे, कुणी तपासलेला नाही. पण एखाद्या जातीत खोटं खोटं दिसत नाही म्हणून तिला कल्पना नाही, हा निष्कर्ष किती घाईचा ठरू शकतो ते यावरून कळावं.

एक उदाहरण कुठल्याच खान्यात बसत नाही. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथच्या मत्स्यालयात डॉली नावाचं सहा महिन्यांचं डॉल्फिनचं पिल्लू होतं. काचेबाहेर एका माणसाने सिगारेटचा धूर सोडला. पिल्लू तडक आईकडे गेलं, दूध ओढून परत काचेशी आलं आणि ते पाण्यात सोडलं. दुधाचा ढग त्याच्या डोक्याभोवती पसरला. १९७३ मध्ये टेलर आणि सायमन यांनी ही नोंद छापली. धुराच्या जागी दूध! एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवणं हेच तर भातुकलीचं मूळ. मात्र धूर नाही, दूध आहे, हे डॉलीने मनात वेगळं ठेवलं होतं का, ते विचारायची सोय कुणाकडे नव्हती.

ती सोय झाली कान्झीच्या बाबतीत. कान्झी हा बोनोबो, १९८० चा जन्म. त्याची पालक आई माताता हिला स्यू सॅव्हेज-रंबॉ यांच्या प्रयोगशाळेत चिन्हांची भाषा शिकवत होते, तेव्हा हा तिच्या अंगाखांद्यावर हुंदडायचा. माताताला फारसं जमलं नाही, पोरगं न शिकवता शिकलं. पुढे तीनशेच्या वर चिन्हं तो वापरू लागला आणि बोललेलं इंग्रजीही बरंच समजू लागला. म्हणजे प्रश्न विचारला तर बोट दाखवून उत्तर देणारा प्राणी मिळाला.

अमालिया बास्तोस आणि ख्रिस्तोफर क्रुपेनये यांनी त्याला जे विचारलं त्याचा निकाल फेब्रुवारी २०२६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. पद्धत लहान मुलांच्या मानसशास्त्रातून उचललेली. ॲलन लेस्ली यांनी दोन वर्षांच्या मुलांना खोट्या चहापार्टीत बसवलं होतं: रिकाम्या भांड्यातून दोन रिकाम्या पेल्यांत 'चहा' ओतायचा, एक पेला उपडा करायचा आणि विचारायचं, रिकामा कुठला? दोन्ही रिकामेच, पण मुलं बरोबर सांगतात. कान्झीसमोर पारदर्शक रिकामा जग आणि दोन पारदर्शक रिकामे पेले मांडले. दोन्हींत 'रस' ओतला, एकातला पुन्हा जगात रिता केला आणि विचारलं, रस कुठे आहे? ६८ टक्के वेळा त्याने बरोबर पेला दाखवला. नुसता अंदाज असता तर पन्नास आले असते.

इथे शंकेखोर म्हणेल, काचेतून त्याला कळलंच नसेल. आत खरंच काही आहे असं वाटून त्याने बोट दाखवलं असेल. म्हणजे पुन्हा आपली म्हैस. त्यासाठी दुसरा प्रयोग, आणि माझ्या लेखी अख्ख्या अभ्यासाचा कणा तोच आहे. एका पेल्यात खरा रस ठेवला, दुसऱ्यात खोटा ओतला आणि विचारलं, तुला कुठला हवा? सुमारे ७८ टक्के वेळा त्याने खरा निवडला. तिसऱ्या प्रयोगात खोटी द्राक्षं बरण्यांत टाकली. तिथे तो सुमारे ६९ टक्के वेळा बरोबर होता. खोट्या रसाचा पत्ता लक्षात ठेवायचा आणि प्यायची वेळ आली की खऱ्याकडेच वळायचं: दोन गोष्टी एकाच वेळी वेगळ्या. फसलेल्या प्राण्याला हे जमणार नाही.

आक्षेप उरतातच. शेवटी हात लागलेला पेला सोडून दुसरा दाखवायचा, असा काही साधा नियम तो पाळत असेल. शिवाय कान्झीचं सगळं आयुष्य माणसांत गेलं; रानातल्या बोनोबोला हे जमतं का, ते त्याच्यावरून सांगता येत नाही. आणि आता त्याला पुन्हा विचारताही येणार नाही. मार्च २०२५ मध्ये, निबंध छापून येण्याआधीच, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन इथे तो ४४ व्या वर्षी वारला.

दरम्यान मेंदूच्या बाजूने भलताच रस्ता उघडला. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात चोंगशी लाय आणि अल्बर्ट ली यांनी २०२३ मध्ये उंदरांना गोल फिरणाऱ्या चेंडूवर चालत आभासी जागेत वावरायला शिकवलं. जागेची ओळख ठेवणाऱ्या पेशींची भाषा यंत्राने टिपली. मग चेंडूचा संबंध तोडला आणि पडद्यावरचं दृश्य फक्त मेंदूतल्या हालचालीवर सरकू लागलं. उंदीर फक्त मनाने मुक्कामाला पोहोचले, दूरची वस्तू मनाने ठरल्या जागी नेऊन काही सेकंद धरून ठेवू शकले. समोर नसलेली जागा मनात आणणं ही कल्पनेची कच्ची सामग्री. ती उंदराकडे आहे म्हटल्यावर वानर-कुत्र्यांकडे नसेल असं म्हणणं अवघड. सामग्री असूनही तिचा खेळ का मांडला जात नाही, हे कोडं मात्र त्यामुळे जास्तच गडद होतं.

आपल्याकडे कान्झीसारखी प्रयोगशाळेत वाढलेली वानरं नाहीत, पण माणसांच्या पायांत राहणारे मोकळे प्राणी आहेत, तेवढे फार थोड्या देशांत असतील. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी २०१८ मध्ये बंदीपूरच्या लाल तोंडाच्या माकडांचं मागणं अभ्यासलं. माथेरानला पर्यटकांपुढे हात करणारी माकडं याच जातीची. समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय का हे ती पाहतात, मिळालं की हात आखडतात. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतो. २०२० च्या त्यांच्या निबंधात, जे कुत्रे जवळ आले त्यांपैकी सुमारे ८० टक्के अनोळखी माणसाने दाखवलेल्या बोटाच्या दिशेने गेले. कुणी शिकवलेलं नसताना.

यातून भिवंडीत करता येण्यासारखी एक गोष्ट सुचते. कुत्रं अंगावर आलं की आपण वाकून दगड उचलल्याचं सोंग करतो. नवखं कुत्रं पळतं. मुरलेलं दोन पावलं मागे सरून हाताकडे बघत उभं राहतं. म्हणजे खोटा दगड त्याला कळतो का? रॉबर्ट मिचेल आणि निकोलस थॉम्पसन यांनी १९८० च्या दशकात कुत्रा-माणूस खेळातली अशीच फसवाफसवी, चेंडू फेकल्याचा आव आणणं वगैरे, तपशिलात पाहिली होती. पण रिकामा हात ओळखणं हा कान्झीच्या दुसऱ्या प्रयोगाचाच भाग झाला. पहिल्याला जोड हवी असेल तर पिल्लाने तोंडात काही नसताना चिंधी असल्यासारखं मान वळवून पळायला हवं आणि दुसऱ्याने ती हिसकायला मागे लागायला हवं. गाळ्यांच्या बोळात मी ते कधी पाहिलेलं नाही. पळता पळता चिंधी गळून पडली की दोन्ही पिल्लं थांबतात आणि ती हुंगत शोधायला मागे फिरतात.